निद्रालेखाची रात्र : ‘स्लीप स्टडी’च्या नोंदपद्धतीचा इतिहास

१

निद्राविकाराच्या संशयावरून ज्या मनुष्यास रुग्णालयात एक रात्र निजावयास बोलावले जाते, त्याच्या दृष्टीस प्रथम पडते ते तारांचे जुडगे होय. डोक्याच्या त्वचेवर सहा-आठ ठिकाणी, दोन्ही डोळ्यांच्या कडांना, हनुवटीवर, छातीवर आणि दोन्ही नडग्यांवर इलेक्ट्रोड चिकटवले जातात. नाकपुड्यांपाशी श्वास टिपणारी नळी बसते, छाती व पोट यांभोवती लवचीक पट्टे येतात, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लागतो. शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ रात्रभर जागा असतो आणि अंधारातही पाहू शकणारा कॅमेरा अंथरुणावर रोखलेला असतो. अशा अवस्थेत झोप लागणार तरी कशी, ही रुग्णाची शंका साहजिक आहे. परंतु तिच्याही अगोदर विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. झोपेसारख्या सर्वपरिचित अवस्थेचा निर्णय करण्यासाठी इतक्या तारा लागाव्यात कशाला?

या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते. यांतील प्रत्येक तार एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट शोधानंतर जोडली गेली आहे. ती जोडली जाण्यापूर्वी तिने टिपावयाची घटना माणसांच्या झोपेत घडत नव्हती असे नाही. ती लिहून घेतली जात नव्हती, एवढेच. जे लिहिले गेले नाही ते विद्येच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. म्हणून निद्रापरीक्षेचा इतिहास हा मुख्यतः लेखनाचा इतिहास आहे. झोप कोणत्या चिन्हांनी लिहावयाची, चिन्हांच्या सीमा कोठे आखावयाच्या आणि त्या लेखनाचा अर्थ कोणी लावावयाचा, या वादांतून आजची ही रात्र घडली आहे. ज्याच्या आजाराचा निर्णय या लेखावरून व्हावयाचा, त्याला आणि त्याच्या वैद्याला हा इतिहास ठाऊक असणे हितावह आहे; कारण सकाळी हाती येणारा आकडा निसर्गाने दिलेला नसून नियमांनी मोजलेला असतो.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. या परीक्षेचे शास्त्रीय नाव ‘पॉलिसोम्नोग्राफी’ असे असून ते १९७४ साली प्रचारात आले. त्यातील पहिला व शेवटचा घटक ग्रीक, तर मधला ‘सोम्नुस’ हा लॅटिन आहे. झोपेच्या अवस्थांचा रात्रभराचा जो पायऱ्यापायऱ्यांचा आलेख काढतात त्याचे नाव ‘हिप्नोग्राम’. त्यात ग्रीकांचा ‘हुप्नोस’ आहे. लॅटिन ‘सोम्नुस’, ग्रीक ‘हुप्नोस’ आणि संस्कृत ‘स्वप्न’ हे तिन्ही शब्द एकाच मूळ धातूपासून निघालेले सख्खे भाऊ होत, हे तौलनिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सांगावयास नको. संस्कृतात ‘स्वप्न’ शब्दाचा अर्थ झोप असाही होतो आणि झोपेत दिसणारे दृश्य असाही होतो. मराठीने त्यांपैकी दुसरा तेवढा अर्थ ठेवला आणि पहिल्यासाठी ‘झोप’ व ‘निद्रा’ हे शब्द वापरले. झोप आणि स्वप्न यांचा नेमका संबंध काय, हा प्रश्न असा शब्दाच्या पोटातच दडलेला होता. प्रयोगशाळेत त्याला हात घातला गेला तो विसाव्या शतकाच्या मध्यास.

भारतीय विचारपरंपरेने जागृती, स्वप्न व सुषुप्ती असे अवस्थांचे विभाजन फार पूर्वी केले आणि मांडूक्योपनिषदाने त्यांत चौथी तुरीयावस्था मिळवली. या विभाजनाचे प्रमाण मात्र आंतरिक आहे. ‘मी सुखाने झोपलो होतो, मला काही कळले नाही’ असे जागा झालेला मनुष्य म्हणतो. त्या स्मरणावरून सुषुप्तीतही साक्षी असतो असे अनुमान वेदान्ती काढतात. निद्रापरीक्षा नेमकी येथेच निराळी वाट धरते. निजलेल्याची स्वतःची साक्ष अपुरी आहे, किंबहुना कित्येकदा विपरीत आहे, या गृहीतावर ती उभी आहे. रात्रीत शेकडो वेळा क्षणभर जागा झालेला मनुष्य सकाळी ‘झोप छान लागली’ असे सांगू शकतो. उलट सहा तास झोपलेला मनुष्य डोळ्याला डोळा लागला नाही अशी तक्रार करतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. झोपेने त्यांच्यापासून जे लपवले ते त्यांना सांगता येत नाही, इतकेच.

३

निजलेल्यास न विचारता झोप मोजण्याचा एक प्रारंभीचा पद्धतशीर प्रयत्न जर्मनीत एर्न्स्ट कोलश्युटर याने केला. १८६२ साली त्याने झोपलेल्या माणसाजवळ लंबकाला जोडलेली हातोडी एका पाटीवर आदळवून आवाज केला, आणि किती मोठ्या आवाजाने तो जागा होतो यावरून झोपेची खोली ठरवली. पहिल्याच तासात झोप सर्वांत गाढ होते व पुढे उथळ होत जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. निष्कर्षात तथ्य होते. पद्धतीत मात्र एक मूलभूत अडचण होती. झोप मोजावयाची तर ती मोडावी लागे. जे मोजावयाचे तेच मापनाने नष्ट होते, अशी ही स्थिती होती.

ही अडचण दूर झाली ती जर्मनीतच. येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर याने १९२४ साली मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरी डोक्याच्या त्वचेवरून टिपल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. यापुढे निजलेल्याला न उठवता त्याच्या मेंदूची हालहवाल लिहून घेणे शक्य झाले. आजच्या रुग्णाने येथेच एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : डोक्यावरच्या तारांतून शरीरात वीज सोडली जात नाही, शरीरात जी अत्यल्प वीज उत्पन्न होते ती टिपून बाहेर नेणे एवढेच त्यांचे काम.

बेर्गरच्या शोधाचा झोपेसाठी विस्तृत उपयोग अमेरिकेत आल्फ्रेड ली लूमिस याने केला. हा गृहस्थ व्यवसायाने वकील व धनको. न्यूयॉर्क राज्यातील टक्सिडो पार्क येथे त्याने स्वखर्चाने प्रयोगशाळा उभारली होती. तेथे एका प्रचंड ढोलावर गुंडाळलेल्या कागदावर रात्रभराच्या लहरी उमटवल्या जात. न्यूटन हार्वे व गॅरेट होबार्ट यांच्यासह लूमिसने १९३७ साली झोपेच्या पाच अवस्था सांगितल्या आणि त्यांना रोमन वर्णमालेतील पहिली पाच अक्षरे दिली. झोप ही एकजिनसी नसून तिला अवस्था आहेत, आणि त्या अक्षरांनी लिहिता येतात, ही कल्पना येथे स्थिर झाली.

तथापि या लेखनात एक मोठी उणीव राहिली. रात्रभराचा आलेख डोळ्यांपुढे असूनही लूमिसच्या पाच अक्षरांत आज ‘रेम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेसाठी स्वतंत्र अक्षर नव्हते. त्या अवस्थेत मेंदूच्या लहरी हलक्या झोपेतील लहरींसारख्याच दिसतात. त्यांचे वेगळेपण उघड करते ती डोळ्यांची हालचाल, आणि डोळ्यांच्या हालचालींचा हिशेब त्या वर्गीकरणात धरलेला नव्हता.

४

डोळ्यांची तार जोडली गेली ती शिकागो विद्यापीठात. तेथील नॅथॅनिएल क्लाइटमन याने आपले आयुष्य निद्रेच्या अभ्यासाला वाहिलेले होते. १९३८ साली तो ब्रूस रिचर्डसन या सहकाऱ्यासह केंटकीतील मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिला, आणि २८ तासांच्या दिवसाशी शरीर जुळवून घेते की काय हे त्याने स्वतःवरच पाहिले. त्याचा विद्यार्थी युजीन आसेरिन्स्की याला निजलेल्यांच्या डोळ्यांची हालचाल पाहण्याचे काम मिळाले. विषय बाह्यतः क्षुल्लक होता. डिसेंबर १९५१ मध्ये आसेरिन्स्कीने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला जुन्या यंत्राच्या तारा जोडून निजवले. मुलगा गाढ झोपला असताना लेखण्या जोराने हलू लागल्या. डोळे जागेपणीसारखे भिरभिरत होते. यंत्र बिघडले असावे, असाच त्याचा पहिला ग्रह झाला. यंत्र ठीक होते. आसेरिन्स्की व क्लाइटमन यांचा निबंध सप्टेंबर १९५३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डोळे असे हलत असताना उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगत, असेही त्यांना आढळले.

क्लाइटमनचाच दुसरा विद्यार्थी विल्यम डिमेंट याने हे काम पुढे नेले. १९५७ च्या निबंधात डिमेंट व क्लाइटमन यांनी ३३ व्यक्तींच्या १२६ रात्रींचा हिशेब दिला. झोप सुमारे दीड तासाच्या आवर्तनांनी चालते, प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस डोळ्यांच्या शीघ्र हालचालींचा काळ येतो, आणि पहाटेकडे हा काळ लांबत जातो, हे त्यांतून स्पष्ट झाले. आज रुग्णाला एखाद्या दुपारच्या डुलकीपुरते न बोलावता संपूर्ण रात्र का ठेवून घेतात, याचे मुख्य उत्तर या आवर्तनांत आहे. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक, रेम निद्रा उत्तरार्धात अधिक; आणि काही विकार एकीत, तर काही दुसरीत दिसून येतात. अर्धी रात्र पाहणे म्हणजे अर्धे वाक्य वाचून अर्थ लावण्यासारखे होय.

रेम म्हणजेच स्वप्नावस्था, हे समीकरण त्या काळी झपाट्याने रूढ झाले. १९६२ मध्ये डेव्हिड फूक्सने इतर अवस्थांतून उठवलेल्या माणसांकडूनही स्वप्नसदृश अनुभव मिळतात असे दाखवले आणि ते समीकरण सैल पडले. उपनिषदांतील स्वप्न व सुषुप्ती यांची रेम व गाढ निद्रा यांच्याशी थेट जोडी लावण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्ही वर्गीकरणांचे प्रमाणच भिन्न आहे.

हनुवटीवरची तार यानंतरची. फ्रान्समधील लिओं येथे मिशेल जूव्हे याने १९५९ साली मांजरांवरील प्रयोगांत पाहिले की, या अवस्थेत मेंदू जागा असल्यासारखा दिसत असता मानेचे स्नायू मात्र पूर्ण ढिले पडतात. या विसंगतीमुळे त्याने तिला ‘विरोधाभासी निद्रा’ असे नाव दिले. मानवातही असेच घडते, हे १९६१ मध्ये राल्फ बर्गरने कंठाच्या स्नायूंवरून दाखवले. तेव्हापासून मेंदू, डोळे व हनुवटी ही त्रयी झोपेच्या लेखनाचा पाया ठरली. या ढिलेपणाचे महत्त्व पुढे आणखी एका रीतीने कळून आले. १९८६ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कार्लोस शेंक व मार्क महोवाल्ड यांनी असे रुग्ण वर्णिले की ज्यांचे स्नायू रेम निद्रेत ढिले पडतच नव्हते, आणि ते स्वप्नातील मारामारी अंथरुणात प्रत्यक्ष करीत होते. अशा रुग्णांच्या बाबतीत कॅमेऱ्याची नोंद फार मोलाची ठरते.

५

एवढे सर्व होईपर्यंत श्वासाकडे मात्र फारसे लक्ष गेले नव्हते. घोरणे हा सर्वत्र विनोदाचाच विषय होता. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्याउभ्या झोपतो आणि घोरतो, आणि वाचक हसतात. १९५६ साली अमेरिकेत सिडनी बरवेल व त्याच्या सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल रुग्णाचे वर्णन करताना या पोराचीच आठवण ठेवून विकाराला ‘पिकविकियन’ असे नाव दिले. हा रुग्ण रुग्णालयात आला तो पत्त्यांच्या डावात उत्तम पाने हाती असताना झोप लागल्यामुळे! परंतु त्याच्या दिवसाच्या झोपेचे कारण रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधले गेले. तो रात्री कसा झोपतो, हे यंत्राने लिहून पाहिले गेले नाही.

ते पाहिले गेले १९६५ साली, आणि तेही दोन ठिकाणी स्वतंत्रपणे. मार्सेय येथे आंरी गास्तो, तासिनारी व द्युरों यांनी, आणि फ्रायबुर्ग येथे युंग व कूलो यांनी अशा रुग्णांच्या मेंदूच्या लहरींबरोबर श्वासही टिपला. कागदावर दिसले ते असे : झोप लागताच श्वास थांबतो, काही सेकंदांनी मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या घोरण्यासह श्वास परत सुरू होतो, झोप लागते आणि श्वास पुन्हा थांबतो. हे चक्र रात्रभर चालते. दिवसाची झोप ही रात्रीच्या या मोडतोडीची परतफेड होती. छाती-पोटावरचे पट्टे आणि नाकापाशी नळी यांचा उगम येथे आहे. नाकातून हवा येत नसतानाही छाती व पोट धडपडत असतील तर घशाचा मार्ग बंद पडला आहे, आणि तेही स्तब्ध असतील तर श्वासाची आज्ञाच मेंदूकडून सुटलेली नाही, हा भेद केवळ एका तारेने कळत नाही. दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात.

येथे एक शब्द मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्य आणि निद्रा हे दोन विषय एकत्र आले आहेत. सुश्रुतसंहितेत स्थूलाच्या लक्षणांत अल्प श्रमाने लागणारी धाप व झोप यांबरोबर ‘क्रथन’ असा शब्द येतो. श्वासाचा अकस्मात अवरोध, असा त्याचा अर्थ कोशांत दिला जातो. यावरून प्राचीनांना आजचा निद्राश्वासरोध ठाऊक होता असा निष्कर्ष काढणे हे इतिहासाला धरून होणार नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, शेजारी निजणाऱ्याच्या वा शुश्रूषा करणाऱ्याच्या कानांनी जे ऐकले असेल त्याला शब्द मिळाला होता. तो शब्द मोजमापापर्यंत गेला नाही, कारण मोजण्याचे साधन नव्हते. आजही निद्रापरीक्षेकडे येणाऱ्या रुग्णाची वाट बहुधा याच साक्षीने सुरू होते. श्वास थांबलेला प्रथम ऐकते ती पत्नी, आई किंवा खोलीतील सोबती, रुग्ण नव्हे.

६

साधने वाढली तसा लेखनाचा गोंधळही वाढला. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या चिन्हांनी झोप लिहू लागली, आणि एकीची रात्र दुसरीला वाचता येईनाशी झाली. ध्वनिलेखनाच्या क्षेत्रात १८८८ साली आंतरराष्ट्रीय ध्वनिवर्णमाला प्रसिद्ध होण्यापूर्वी जी अडचण होती, तिच्याशी ही अडचण मिळतीजुळती आहे. १९६८ साली ॲलन रेख्टशाफेन व अँथनी केल्स यांच्या संपादकत्वाखाली एक नियमपुस्तिका निघाली आणि तिने ही अडचण दूर केली. मेंदू, डोळे व हनुवटी यांच्या नोंदी कोठून घ्यावयाच्या, रात्रीचे तुकडे किती सेकंदांचे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकड्याला कोणते नाव द्यावयाचे, हे तिने ठरवून दिले.

३० सेकंदांचा एक तुकडा धरला तर आठ तासांच्या रात्रीचे ९६० तुकडे होतात. सेकंदाला १० मिलिमीटर या गतीने कागद सरकत असे; म्हणजे एका रात्रीला २८८ मीटर कागद लागे. सकाळी एखादा प्रशिक्षित मनुष्य तो गठ्ठा पानोपान उलटून प्रत्येक पानावर एक नाव लिही. आज कागदाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे; ३० सेकंदांचा तुकडा मात्र तसाच राहिला आहे. परीक्षेनंतर निकाल त्याच सकाळी सहसा मिळत नाही, याचेही कारण हेच. रात्र वाचावी लागते.

भाषेच्या अभ्यासकाला यातील मर्म सहज पटेल. बोलणे हा अखंड ध्वनिप्रवाह असतो. लेखन त्याचे वर्ण पाडते. झोपही अखंड वाहते. तुकडे नियम पाडतो. एका तुकड्यात दोन अवस्था आल्या तर जिचा भाग मोठा तिचे नाव द्यावयाचे, असा संकेत आहे. संकेताशिवाय लेखन अशक्य असते, हे खरे. पण संकेताने पाडलेली सीमा ही निसर्गाची सीमा नव्हे, हेही तितकेच खरे. १९६८ च्या पुस्तिकेत गाढ झोपेच्या तिसरी व चौथी अशा दोन अवस्था होत्या; २००७ साली अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या नव्या नियमपुस्तिकेने त्या एकत्र केल्या. माणसांची झोप त्या वर्षी बदलली नाही, अक्षर बदलले. वाचकांतही मतभेद राहतातच. याच संस्थेच्या कार्यक्रमावर आधारलेल्या २०१३ च्या एका अभ्यासात वाचकांची एकवाक्यता एकंदरीत ८२.६ टक्के आढळली. झोपेच्या उंबरठ्यावरील सर्वांत हलक्या अवस्थेबाबत ती सुमारे ६३ टक्क्यांवर आली. उंबरठा नेमका कोठे संपतो, हे सांगणे कठीणच असते.

७

आता ती रात्र प्रत्यक्ष कशी जाते ते पाहू. रुग्णाला दिवसा झोपू नये, दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी आणि डोके धुऊन यावे असे सांगितले जाते. केसांना तेल असल्यास इलेक्ट्रोड टिकत नाहीत. आपल्याकडे ही सूचना विशेष महत्त्वाची ठरते. नखांवर रंग असल्यास ऑक्सिमीटरच्या बोटापुरता तरी काढावा लागतो. नेहमीची औषधे स्वतःच्या मनाने बंद करावयाची नसतात. त्याविषयी डॉक्टरांना अगोदर विचारावयाचे असते. तारा जोडण्यास अर्धा-पाऊण तास लागतो व त्यात टोचणे-कापणे काही नसते. नंतर तंत्रज्ञ पलीकडच्या खोलीतून आज्ञा देतो : डोळे मिटा, उघडा, डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, दात आवळा, श्वास रोखा, पाय हलवा. हा खेळ नव्हे. जागेपणी प्रत्येक तार काय लिहिते हे माहीत असल्याशिवाय झोपेत तिने लिहिलेले वाचता येत नाही. रात्री लघवीस जावयाचे झाल्यास हाक मारावी. सर्व तारा एका पेटीला जोडलेल्या असतात, ती सोडवून देतात. बालक रुग्ण असल्यास आई किंवा वडील जवळ राहतात.

अनोळखी खोलीत झोप नेहमीसारखी लागत नाही, ही रुग्णाची तक्रार शास्त्राला मान्य आहे. १९६६ साली ॲग्न्यू, वेब व विल्यम्स यांनी पहिल्या रात्रीची झोप पुढील रात्रींहून वेगळी असते हे दाखवले. ‘पहिल्या रात्रीचा परिणाम’ या नावाने तो ओळखला जातो. म्हणून चांगली झोप लागली नाही एवढ्याने परीक्षा वाया जात नाही. काही तासांची झोपही श्वासाविषयी पुष्कळ सांगून जाते. उलट एका रात्रीत काही आढळले नाही आणि लक्षणे मात्र बळकट असली, तर परीक्षा पुन्हा करणे इष्ट ठरते.

श्वासरोध स्पष्ट व पुष्कळ आढळल्यास कित्येकदा मध्यरात्रीनंतर रुग्णाच्या नाकावर मुखवटा बसवला जातो आणि त्यातून हवेचा सौम्य दाब दिला जातो. हा उपाय ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवर करून १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्यापूर्वी गंभीर रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासमार्ग मोकळा करीत. घशाचा मार्ग हवेच्याच दाबाने उघडा धरता येतो, ही कल्पना साधी दिसते. परंतु मार्ग झोपेत बंद पडतो हे आधी लिहिले गेल्याविना ती सुचणे शक्य नव्हते.

८

शेवटी आकडा. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबणे हा श्वासरोध. श्वास निदान ३० टक्क्यांनी कमी होणे व त्याबरोबर रक्तातील ऑक्सिजन उतरणे किंवा मेंदू जागा होणे हे अल्पश्वसन. दोहोंची ताशी संख्या पाच ते पंधरापर्यंत असता विकार सौम्य, पंधरा ते तीसपर्यंत मध्यम, आणि तीस वा अधिक असता तीव्र मानतात. ऑक्सिजन किती उतरला म्हणजे घटना मोजावयाची? २०१२ च्या सुधारित नियमांनी तीन टक्के ही मर्यादा स्वीकारली आणि चार टक्क्यांचा पर्यायही ठेवला. तीच रात्र, तोच रुग्ण. मर्यादा बदलताच संख्या बदलते. तसेच घरी नेऊन लावावयाच्या लहान यंत्रांत मेंदूची तार बहुधा नसते. त्यामुळे झोपेच्या तासांऐवजी नोंदीच्या तासांनी भागावे लागते. समजा १८० घटना घडल्या. झोप सहा तास झाली असेल तर ताशी ३० येतात व विकार तीव्र ठरतो. नोंद साडेसात तासांची धरली तर ताशी २४ येतात व तोच विकार मध्यम ठरतो. घरच्या परीक्षेचे महत्त्व याने कमी होत नाही. मुंबईतील ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची जी पाहणी झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली, ती घरोघरी केलेल्या नोंदींवरच आधारलेली होती, १९.५ टक्क्यांत झोपेतील श्वासाचा दोष व ७.५ टक्क्यांत लक्षणांसह विकार असल्याचा तिचा अंदाज होता. फक्त कोणत्या तारेवाचून आकडा काढला आहे, हे वाचणाऱ्याने विसरू नये.

त्या दोन आकड्यांमधील अंतर मोठे बोलके आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात टेरी यंग व सहकाऱ्यांनी ३० ते ६० वर्षांच्या ६०२ व्यक्तींची रात्र नोंदून १९९३ मध्ये जो निष्कर्ष दिला, त्यातही हेच दिसते. ताशी पाच वा अधिक घटना २४ टक्के पुरुषांत व ९ टक्के स्त्रियांत होत्या. परंतु त्यांबरोबर दिवसा अनावर झोपेची तक्रार असणारे पुरुष ४ टक्के व स्त्रिया २ टक्केच. म्हणजे घटना लेखात आहेत म्हणून प्रत्येकास सारखाच त्रास आहे असे नव्हे. तो त्रास कोणाला व किती, हे कोणतीही तार सांगू शकत नाही. त्यासाठी मनुष्याला विचारावे लागते : वाचताना डोळा लागतो काय, प्रवासात झोप येते काय, वाहन चालवताना पापणी जड होते काय. मेलबर्नच्या मरे जॉन्सने १९९१ मध्ये आठ प्रसंगांची जी लहानशी प्रश्नावली दिली, ती आजही निद्रापरीक्षेच्या कागदपत्रांत असते, ती याचसाठी.

निजलेल्याची साक्ष अपुरी म्हणून तारा आल्या. एकेक तार वाढत गेली तसे रात्रीचे लेखन अधिक पूर्ण होत गेले, आणि विनोदाचा विषय असलेल्या घोरण्यामागचा आजार उघडकीस आला. अनेकांचे प्राण त्यामुळे वाचले आहेत. परंतु लेखन कितीही पूर्ण झाले तरी त्याला वाचक लागतो आणि ज्याच्याविषयी ते आहे त्या मनुष्याचे म्हणणेही लागते. परीक्षेला जाणाऱ्याने रात्री तारा लावून घ्याव्यात आणि सकाळी तारा काढल्यावर आपली रात्र कशी गेली व दिवस कसे जातात, हेही निःसंकोच सांगावे. वैद्याने दोन्ही वाचावे. जेथे दोहोंत विसंगती दिसेल तेथे आकड्याला एकदम खरा किंवा रुग्णाला एकदम खोटा न ठरवता, कोणता नियम लावला गेला आणि कोणती तार नव्हती, हे प्रथम विचारावे.